वेणीचा पूल

बुडापेस्ट, ६ फेब्रुवारी १९८२

योलान आत्या,

काल माझा नामदिन होता, कॅलेंडरातला माझ्या नावाचा दिवस. संध्याकाळी घरी आले तर दारात टपालाचं पुडकं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, शिक्का कलोचा गावाचा होता. आत लाल मिरचीपुडीची कापडी पिशवी आणि एका कागदावर निळ्या शाईने काढलेला भरतकामाचा नमुना होता, तीन फुलं आणि एक मिरची. तुम्ही नाव घातलं नाही, पण देठ जिथे वळतो तिथे रेघ जाड होते आणि मग दम सोडल्यासारखी बारीक होत जाते. अशी रेघ काढणारी दोनच माणसं मला माहीत आहेत. त्यातलं एक आमच्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसलेलं असतं.

तुम्ही गेल्यापासून माझे चौदा नामदिन कोरडे गेले. मग यंदाच कसं काय आठवलं?

मी पूड डब्यात ओतली आणि पिशवी शेगडीत टाकली. जेवताना बाबांनी रश्शाचा चमचा तोंडात धरून विचारलं, "ही पूड कुठली गं?"

"बाजारातली."

"बाजारात एवढी चांगली मिळायला लागली? मग सरकार बदललं की काय?"

मी हसले. खोटं बोलले, ते निराळं.

तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता चोवीसची आहे आणि तुम्ही नि बाबा जिथे हलती चित्रं करायचात त्याच ॲनिमेशन स्टुडिओत तपासणीच्या टेबलावर बसते. कॅमेऱ्याखाली जाण्याआधी प्रत्येक दृश्याच्या रंगवलेल्या पारदर्शक पानांची चळत माझ्या हातांखालून जाते. राजकन्येचं कर्णफूल एका पानात डाव्या कानात आणि दुसऱ्यात उजव्या, असं झालं तर ते मला दिसलं पाहिजे. ही विद्या बाबांनी मला शाळेत जायच्या आधीच स्वयंपाकघरात दिली होती, हे तुम्हाला माहीत आहे. पाच कागद बोटांच्या फटींत धरून फडफडवायचे आणि मला विचारायचं, "सांग, मधे काय हरवलं?" तेव्हापासून मी सगळीकडे तेच शोधत असते.

आता कामाचं. स्टुडिओच्या वर्धापनासाठी 'वेणीचा पूल' पुन्हा करायचा असं ठरलं आहे. बाबांचा उजवा डोळा गेला आहे आणि डावा शरदापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. बाबा निवृत्त आहेत, तरी रोज जातात. नदीकाठची मुलगी आपली वेणी कापून पलीकडे फेकते, वेणीचा पूल होतो आणि भाऊ त्यावरून परत येतो. हे सगळं ते डोळे मिटून सांगतात आणि तरुण पोरं काढतात. पण आता रेघ यंत्राने पानावर उतरवतात. बाबा ती पानं डोळ्याला चिकटवून बघतात आणि म्हणतात, "ही रेघ उकडलेली आहे." त्यांना हाताने टाक चालवणारं माणूस हवं आहे. गेल्या आठवड्यात संचालकांनी तुमचं नाव काढलं आणि काल तुमचं पुडकं आलं. याला मी योगायोग म्हणू शकत नाही.

म्हणून एकच विचारते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तो खोका कुठे गेला? आठ मिनिटांचा पूर्ण चित्रपट होता, अकराशे पानं, सगळी तुमच्या हाताने शाई केलेली आणि रंगवलेली. चित्रण तेवढं बाकी होतं. खोका तुमच्या ताब्यात होता. बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आता नाही. विचारू नकोस." लोक म्हणाले, व्हिएन्नाहून आलेल्या त्या पाहुण्याला तुम्ही तो विकलात. बाबांनी पेन्सिलीचे सगळे कागद शेगडीत घातले आणि तुमचं नाव घरात बंद झालं.

उत्तर नीट द्या, फुलं काढून नको.

एतेल्का


बुडापेस्ट, २० फेब्रुवारी १९८२

योलान आत्या,

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर दोनच ओळी. "मिरची कोरड्या जागी ठेव. हिवाळ्यात तुझ्या बोटांना अजून चिरा पडतात का?"

मी खोक्याचं विचारलं आणि तुम्ही बोटांचं विचारता! हो, पडतात. त्या सोड्याच्या पाण्याच्या आहेत आणि लहानपणापासूनच्या आहेत, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आई स्टुडिओतून वापरलेली पानं घरी धुवायला आणायची. चित्रण झालं की पान धुवायचं, असा नियमच होता, कारण सेल्युलॉइड बाहेरून यायचं आणि कधीच पुरायचं नाही. मी स्टुलावर उभी राहून कोमट पाण्याच्या टपात राजे, कोंबडे आणि सात डोक्यांचे राक्षस स्पंजाने पुसून टाकायचे. प्रत्येक धुतलेल्या पानाला, ते टेबलावर बसवायच्या खुंटीच्या भोकाजवळ, सुईने पाच टोचे मारून चांदणी करायचे. डाग राहिला तर तो माझा आहे हे कळावं आणि दुसऱ्या कोणाला बोलणी बसू नयेत म्हणून. आईला त्याचं हसू यायचं. "ही पुढे मठात जाणार," म्हणायची.

तुमच्याबद्दल मला एकच गोष्ट चांगली आठवते आणि ती याच कामातली आहे. आई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. ती परत येईल तेव्हा तिच्यासाठी काहीच काम उरू नये म्हणून मी पाच-सहा दिवसांत टेबलाखालचे सगळे खोके संपवले. तुम्ही आलात तेव्हा व्हरांड्यातल्या दोऱ्यांवर पानं वाळत होती आणि सगळा व्हरांडा चकाकत होता. मी म्हटलं, "सगळी धुतली आत्या, एकही डाग नाही." तुम्ही दोरीवरचं एक पान उजेडाकडे धरून पाहिलंत. मग माझी बोटं हातात घेऊन म्हणालात, "शाबास." एवढं मोठं शाबास मला नंतर कोणी दिलं नाही. म्हणून तर राग जास्त येतो. ज्या बाईने शाबास म्हटलं तिनेच बाबांना लुटलं, हे मी कुठे ठेवू?

गेल्या रविवारी मला मुलांच्या सिनेमाच्या खेळाला पाठवलं होतं, वही घेऊन. पोरं कुठे खोकतात ते लिहायचं. जिथे खोकतात तिथे गोष्ट सैल पडलेली असते. यंत्राच्या रेघेच्या नव्या चित्रपटात एकोणीस वेळा खोकली. मग एक जुनी, ओरखड्यांनी भरलेली, हाताने शाई केलेली परीकथा लावली, तर कोणी हललं नाही. त्यात रेघ थरथरते. राजकन्या गप्प उभी असली तरी तिच्या झग्याची कडा जिवंत असते, कारण प्रत्येक पानावर कोणीतरी ती पुन्हा काढलेली असते आणि दोनदा तंतोतंत तशीच कोणालाच काढता येत नाही. शेजारच्या आजीबाई नातीला टोपी घालता घालता मला म्हणाल्या, "हे कोणीतरी बसून केलंय, ते दिसतं बघ. माझ्या आईच्या शेवयांसारखं. एकही दुसरीसारखी नाही."

मला मात्र त्या अंधारात भीती वाटली. कागद आहे, रंग आहे, हे माहीत असून माणूस इतक्या सहज विश्वास ठेवतो. तुमच्यावरही आम्ही असाच ठेवला होता ना?

संचालकांनी काल मला बोलावलं होतं. "तुमच्या आत्याला परत आणायचं तर घरचं मत हवं. त्यांच्या हाती मूळ पानं सोपवता येतील का? एका ओळीत लिहून द्या." मी मुदत मागून घेतली आहे. खोक्याचं खरं सांगा. मी तुमच्या बाजूने लिहू शकेन असं काहीतरी सांगा.

एतेल्का


बुडापेस्ट, ९ मार्च १९८२

योलान आत्या,

तुमचं उत्तर आलं नाही. मी सतरा दिवस वाट पाहिली. टपाल कोणी उघडतं का, असाही संशय येऊन मी पोस्टात चौकशी केली. तिथल्या बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिकीट घेऊन निघून आले.

शुक्रवारी मी ओळ लिहून दिली. "मूळ पानं त्यांच्या हाती सोपवणं सुरक्षित नाही." खाली सही केली. हे तुमच्यापासून लपवावं असं वाटलं होतं, पण तुमच्या पाठीमागे तुमच्याविरुद्ध लिहायचं आणि तुम्हाला सांगायचं नाही, हे मला जमणार नाही. रागवायचं तर रागवा.

काल महिला दिन होता. पुरुषांनी सगळ्या टेबलांवर एकेक हायसिंथचं फूल ठेवलं होतं. विल्मा मावशीने स्वतःचं फूल आणून माझ्या फुलाशेजारी ठेवलं. तुम्हाला त्या आठवत असतील, पानं धुण्याच्या खोलीतल्या. त्या अजून तिथेच आहेत, हात लाल, तोंड तसंच.

"घे," म्हणाल्या, "दोन घे. शुक्रवारी मोठं काम केलंस म्हणे."

"कसलं काम?"

"आत्याच्या पोटावर पाय दिलास. सही छान आली होती का?"

"मावशी, मी जे खरं वाटलं ते लिहिलं."

"वाटलं! अगं बाई, तू तपासनीस आहेस की पोलीस? पोलीससुद्धा आधी घराची झडती घेतात, मग सही करतात."

सगळं शाईखातं ऐकत होतं. मी विचारलं, "तुम्हीच तिला चित्रपटाचं कळवलंत ना? म्हणून पुडकं आलं."

"कळवलं. पंधरा वर्षं दर नाताळाला कळवते. तू किती वाढलीस, कुठल्या शाळेत आहेस, हात कसा आहे. तिला दुसरं काही नकोच असतं." मग एकदम ओठ मिटून निघून गेल्या.

माझ्याबद्दल कशाला? मला हे अजिबात आवडलेलं नाही. माणूस ज्याचं देणं लागतो त्याचीच अशी चौकशी करतो.

घरी बाबांना सांगितलं की तुम्ही येणार नाही. ते म्हणाले, "बरं झालं." मग थोड्या वेळाने, "उकडलेल्या रेघेनेच येऊ दे तो भाऊ पुलावरून." जेवले नाहीत.

एतेल्का


बुडापेस्ट, २४ मार्च १९८२

योलान आत्या,

आता मला कळलं. विकला असतात तर बरं झालं असतं!

आज सकाळी विल्मा मावशीने माझ्या टेबलावर पातळ कागदात गुंडाळलेली एक जुनी चळत आणून आदळली. "नवं सेल्युलॉइड अजून आलेलं नाही. चाचणीला ही धुतलेली पानं वापरा. माळ्यावर होती. ओरखडे खोल आहेत म्हणून मी बाजूला काढून ठेवली होती. तपास. तुला तपासायला आवडतं ना?"

पान कितीही धुतलं तरी टाकाचा ओरखडा राहतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? समोरून काही दिसत नाही. मी दिवा बाजूला घेतला आणि पान तिरपं धरलं. आधी एक वळण चमकलं, वळणावर जाड आणि मग दम सोडत बारीक. मग दुसरं. मग पाणी, आणि पाण्यावरून गेलेली तीन पेडांची लांब वेणी. मुलीच्या मानेवर कापलेले केस होते. पुढच्या पानात ती एक पाऊल मागे सरली होती. मी पाच पानं बोटांत धरून फडफडवली आणि रंग नसलेली, शाई नसलेली ती मुलगी दिव्याखाली वेणी फेकत होती. आत्या, माझ्या अंगावर काटा आला. अशी चाल मी आजवर एकाही चित्रपटात तपासली नाही.

म्हणजे खोका कुठेही गेला नव्हता. तुम्ही तो धुतलात! भावाचं दोन वर्षांचं काम सोड्याच्या पाण्यात घातलंत आणि कोरी पानं म्हणून स्टुडिओला परत दिलीत. का? त्यांचं नाव होणार म्हणून? चित्रपटाच्या नामावलीत तुमचं नाव दुसरं येणार होतं म्हणून? धुताना हात कसा उचलला?

सरळ विल्माकडे गेले. "ही पानं तुमच्याकडे कोणी आणून दिली?"

"योलानने. सदुसष्टच्या ऑगस्टात. दोन पिशव्या. आली आणि त्या बाकावर तासभर बसली."

"मग धुतली कोणी?"

"तुला वाचता येतं ना?" म्हणाल्या आणि नळ मोठा सोडला.

पानांच्या कडेला, खुंटीच्या भोकाजवळ काहीतरी आहे. आज उजेड कमी होता. ते मी अजून नीट पाहिलेलं नाही.

एतेल्का


बुडापेस्ट, २९ मार्च १९८२

आत्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उजेड भरपूर होता. मी पाहिलं होतं.

पाच टोचे. प्रत्येक पानावर. एकही चुकलेलं नाही.

त्या रात्री घरी गेले नाही. धुण्याच्या खोलीत बाकावर बसून राहिले आणि विल्मा मावशी बोलत राहिली. तिनेच सगळं सांगितलं, कारण तू सांगणार नाहीस. बाबा रात्री तुझ्या खोलीवर काम करायचे, वरिष्ठांना कळू नये म्हणून पानं जुन्या खोक्यात ठेवायचे आणि झाकणावर 'तीन कोंबडे' हे जुन्या चित्रपटाचं नाव तसंच राहू दिलेलं होतं. 'तीन कोंबडे'चं चित्रण केव्हाच झालं होतं आणि चित्रण झालं की पान धुवायचं. तुझ्या खोलीला चुना लावायचा होता म्हणून तू तो खोका आठवडाभर आमच्या टेबलाखाली, आईच्या खोक्यांशेजारी ठेवलास. वेणीवाली मुलगी मीही पाहिली असणार, पण तोवर मी इतक्या मुली पुसल्या होत्या की ती एक कोण, हे मला आठवतसुद्धा नाही. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग तू व्हरांड्यात आलीस. आणि म्हणालीस, शाबास.

विल्मा म्हणाली, "मी तिला म्हटलं, सांगून टाक भावाला, पोरगी नऊ वर्षांची आहे, मारून टाकतोय का तिला? तर म्हणते, मारणार नाही. काहीच बोलणार नाही. आणि ती पोर पुन्हा कधी पेन्सिल हातात घ्यायची नाही. तिचा हात पाहिलायस का विल्मा?"

चांदणी मी एवढ्यासाठीच करत होते ना? डाग राहिला तर दुसऱ्या कोणाला बोलणी बसू नयेत म्हणून. पंधरा वर्षं बसली.

गुरुवारी सकाळी संचालकांकडून माझी ओळ परत मागितली. ते म्हणाले, "नोंद झाली आहे, परत देता येत नाही." मग मी त्याखाली दुसरी लिहिली. "वरची ओळ चुकीची आहे. पानं मी नष्ट केली. योलान हाल्मोश यांनी नाही." सही. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही आजारी आहात का?" नाही म्हटलं.

बाबांना सांगायला मात्र तीन दिवस लागले. रोज जिन्यात वाक्य तयार करायचे आणि दारात विसरायचे. काल रविवार. मी त्यांच्यासमोर टेबलावर एक पान ठेवलं. त्यांना ते दिसलं नाही, नुसतं टेबल दिसलं. मी त्यांचं बोट धरून ओरखड्यावर ठेवलं. बोट वळणावरून गेलं आणि थांबलं. परत मागे आलं, परत गेलं.

"ही योलानची रेघ आहे," ते म्हणाले. "हे कुठलं?"

मी त्यांचं बोट कोपऱ्यात नेलं. "आणि ही माझी चांदणी आहे, बाबा."

त्यांना खूण माहीत होती. आई त्यावरून हसायची तेव्हा तेही हसायचे. रेडिओवर कसलासा बँड वाजत होता, तो त्यांनी बंद केला. मी सगळं सांगितलं, खोका, झाकण, दोऱ्या, तुझं शाबास. मधे ते एकदाही बोलले नाहीत. तू म्हणाली होतीस तसंच झालं. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

मग त्यांनी विचारलं, "डाग राहिला होता का कुठे?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"हं," म्हणाले. "शिकवलं होतंच तसं." आणि चेहरा टॉवेलात घालून बसले. खांदे हलत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही रडत. तिने नुसतं 'विचारू नकोस' म्हटलं आणि मी खरंच पुन्हा विचारलं नाही. कागद जाळले, बहीण घालवली, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि तिला गं, लहानपणापासून ओळखतो मी. तिच्या हाताने कधी वाटीसुद्धा फुटली नाही."

मी म्हटलं, पत्र लिहा, मी टाकते. ते म्हणाले, पत्रात मला लिहिता येत नाही. मग कागद मागितला. नाक कागदाला लावून, डावा डोळा जवळ नेऊन अर्धा तास काढत होते. मुलगी नदीकाठी उभी आहे, हातात कात्री, वेणी अजून कापलेली नाही. रेघ दोन ठिकाणी घसरली आहे. ती मी नीट केलेली नाही. तपासनीस असूनसुद्धा.

तो कागद सोबत पाठवते आहे. "शाई तिलाच करायला सांग," म्हणाले, "आणि नवं पान देऊ नकोस तिला."

म्हणून सोबत त्यातलंच एक पान आहे, पहिलं. तिरपं धरलंस तर मुलगी दिसेल. तू कुठे टाक ठेवला होतास ते पान विसरलेलं नाही. माझी चांदणी कोपऱ्यात आहे, तिच्यावर रंग लावू नकोस.

बुधवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर उभी राहीन. त्या बुधवारी आली नाहीस तर पुढच्या बुधवारी राहीन.

आणि हो, पूड संपत आली आहे. बाबांना खरं सांगितलं. म्हणाले, "मला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं."

तुझी,
एतेल्का